अक्कल गुडघ्यात

घरच्या घरी रोबो कुत्रा करायला निघालेल्या माणसाची वही हाती लागली, तर पहिले पान जरूर पाहावे. त्यावर डोके काढलेले असते. डोळ्यांच्या जागी कॅमेरा, कानांच्या जागी माइक, तोंडात स्पीकर. शेजारी बाण काढून ‘मालकाचा चेहरा ओळखेल’, ‘मराठीत बोलेल’ असे लिहिलेले. पाय म्हणजे खाली चार उभ्या रेघा. तीन-चार महिन्यांनी हाच कुत्रा टेबलावर पोट टेकून पडलेला दिसतो. कॅमेरा चालू असतो, मालकाला तो खरोखर ओळखतो, फक्त त्याला उठता येत नाही.

‘अक्कल गुडघ्यात’ हे आपण एखाद्याला हिणवायला म्हणतो. चार पायांच्या यंत्राची अक्कल मात्र तिथेच असावी लागते. या छंदाकडे काही वर्षे आस्थेने पाहिल्यावर आणि दोनदा हात पोळून घेतल्यावर माझे मत असे झाले आहे, की घरगुती रोबो कुत्र्याचा प्रश्न गुडघ्यातल्या मोटरीचा आहे. मेंदू आता पाचशे रुपयांच्या आत मिळतो. वसई-विरारमध्ये राहून, लोकलची ये-जा सांभाळून, हॉलमधल्या टेबलावर हे काम करायचे तर काय जमते, कुठे अडते आणि कशावर पैसे घालू नयेत, याचा हा आढावा.

मागे वळून पाहिले तर या यंत्राचा सगळा इतिहास स्नायू शोधण्याचा आहे. १९४० साली न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात वेस्टिंगहाउस कंपनीने ‘स्पार्को’ नावाचा यांत्रिक कुत्रा मांडला होता. तो भुंकायचा, बसायचा, लाडीगोडी लावायचा; जत्रेतल्या खेळण्याचाच थोरला भाऊ. १९६० च्या दशकात जनरल इलेक्ट्रिकने अमेरिकी लष्करासाठी चार पायांचा चालता ट्रक बांधला. वजन टनाहून जास्त. आत बसलेला माणूस स्वतःच्या हातापायांनी त्याचे चारही पाय हलवायचा आणि काही मिनिटांत घामाघूम व्हायचा. हायड्रॉलिकचा दणकट स्नायू होता, तोल मात्र माणसाचा होता. मार्क रेबर्ट यांनी १९८० च्या दशकात दुसऱ्या टोकाने सुरुवात केली. एकाच पायाचे यंत्र घेऊन त्याला उड्या मारत तोल सांभाळायला लावले. लंगडी खेळताना थांबलो तर पडतो, हे आपल्याकडे शाळेच्या मैदानावर कळते. रेबर्ट यांनी तेच गणितात बसवले. पुढे त्यांच्याच बोस्टन डायनॅमिक्सने २००५ साली ‘बिगडॉग’ आणला. तो इंजिनावर चाले. त्याच घराण्यातल्या पुढच्या ओझेवाहू यंत्राला अमेरिकी मरीन सैन्याने चाचण्यांनंतर बाजूला ठेवले, कारण त्याची घरघर शत्रूला दुरून ऐकू गेली असती.

सोनीने १९९९ साली ‘आयबो’ विकायला काढला, किंमत अडीच लाख येन. जपानसाठी ठेवलेले तीन हजार कुत्रे वीस मिनिटांत संपले. कंपनीने पुढे त्याची दुरुस्ती बंद केली, तेव्हा मालकांनी बिघडलेल्या आयबोंचे बौद्ध मंदिरात विधिवत अंत्यविधी केले. ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नाही. स्वतः जोडलेला कुत्रा पहिल्यांदा उभा राहतो, तेव्हा माणूस त्याच्याशी बोलायला लागतोच. मीही लागलो होतो.

खरा पालट अलीकडचा आहे, आणि तो ड्रोनवाल्यांच्या बाजाराने घडवला. ड्रोनसाठी चपट्या, ताकदवान, ब्रशलेस मोटरी ढिगाने तयार होऊ लागल्या आणि चालत्या यंत्रांच्या लोकांनी त्या उचलल्या. एमआयटीतला ‘मिनी चीता’ नऊ किलोचा. २०१९ साली त्याने मागे कोलांटी मारून दाखवली. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांनी ‘डॉगो’ केला, तीन हजार डॉलरच्या आत, आणि सगळे आराखडे लोकांसाठी खुले केले. त्याची उभी उडी एक मीटरहून जास्त होती. २०२० मध्ये बोस्टन डायनॅमिक्सचा ‘स्पॉट’ विक्रीला आला तेव्हा किंमत होती ७४,५०० डॉलर. २०२३ साली चीनच्या युनिट्रीने ‘गो-२’ काढला, सुरुवातीची किंमत १,६०० डॉलर. तीन वर्षांत जवळजवळ सत्तेचाळिसावा हिस्सा. दोन्ही यंत्रे सारख्या तोलाची नाहीत हे मान्य करूनही हा उतार विलक्षण आहे.

भारतातही चार पायांची यंत्रे उभी राहिली आहेत. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत ‘स्टॉक’ नावाचा चौपायी बरीच वर्षे चालतो आहे. कानपूरच्या आयआयटीतून आणि हैदराबादेतून असे कुत्रे बाहेर पडले. महाराष्ट्राने अशी यंत्रे प्रत्यक्ष पाहिली १५ जानेवारी २०२५ ला. त्या वर्षीचे सेनादिनाचे संचलन प्रथमच पुण्यात, खडकीला बॉम्बे इंजिनिअर ग्रुपच्या मैदानावर झाले आणि सैनिकांबरोबर यांत्रिक ‘म्यूल’ची रांग चालत गेली. दोन-तीन महिन्यांत आयपीएलच्या मैदानावर कॅमेरा लावलेला कुत्रा दुडक्या मारू लागला. त्याचे नाव ‘चंपक’ ठेवले, म्हणून त्याच नावाच्या मुलांच्या मासिकाच्या प्रकाशकांनी दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला. कुत्र्याच्या नावावरून कज्जा होतो म्हणजे कुत्रा मोठा झाला. या दोन प्रसंगांनंतर पालकांचे प्रश्न सुरू झाले: ‘आमच्या मुलाला असा करायचाय, कुठून सुरुवात करू?’

त्यांना मी आधी घोड्याची गोष्ट सांगतो. अभियांत्रिकीच्या मुलांची ‘रोबोकॉन’ ही स्पर्धा महाराष्ट्राच्या ओळखीची आहे. तिची राष्ट्रीय फेरी कित्येक वर्षे पुण्याला भरत असे, आणि २००८ व २०१४ साली आशिया-पॅसिफिकची अंतिम फेरीही पुण्यातच झाली. २०१९ ची अंतिम फेरी मंगोलियात उलानबातरला होती आणि विषय होता मंगोल साम्राज्यातली घोडेस्वारांची टपालव्यवस्था. नियम असा, की संदेश घेऊन जाणारा दुसरा रोबो चार पायांवरच चालला पाहिजे. चाके चालणार नाहीत. वाटेत वाळूची टेकडी म्हणून एक पायरी, गवताचे झुपके म्हणून ताणलेल्या दोऱ्या, आणि शेवटी चढण. त्या वर्षी देशभरातल्या कॉलेजांच्या वर्कशॉपमध्ये एकाच वेळी चौपायी जनावरे जन्माला येत होती. वीस-पंचवीस मुलांची टीम, कॉलेजचे लेथ, सीनिअरांचा अनुभव, वर्षभराची मेहनत, आणि तरीही पायरीपाशी घोडे अडत. हॉलमधल्या टेबलावर एकट्याने तेच तीन महिन्यांत करू पाहणाऱ्याने एवढे तरी लक्षात ठेवावे.

आज हौशी माणसापुढे तीन वाटा आहेत. पहिली तळहाताएवढ्या कुत्र्याची: नऊ ग्रॅमच्या निळ्या सर्व्हो मोटरी, प्रत्येक पायाला दोन अशा आठ. ‘ओपनकॅट’ या खुल्या प्रकल्पातून आलेला ‘बिटल’ साधारण याच जातीचा. दुसरी मांजराएवढ्या कुत्र्याची: प्रत्येक पायाला तीन, अशा बारा मोठ्या सर्व्हो. २०१९ च्या सुमारास एका कोरियन हौशी माणसाने ‘स्पॉटमायक्रो’चा आराखडा फुकट खुला केला आणि जगभर हजारो घरांत थ्रीडी प्रिंटरवर त्याचे भाग छापले गेले. दिसायला तो हुबेहूब बोस्टनचा स्पॉट. तिसरी वाट डॉगो आणि मिनी चीता यांची: ब्रशलेस मोटरी, प्रत्येकीला स्वतंत्र कंट्रोलर आणि फिरलेला कोन मोजणारा एन्कोडर.

नवखा माणूस हमखास दुसऱ्या वाटेने जातो, कारण फोटोत ती सगळ्यात देखणी दिसते. माझ्या मते सगळ्यात जास्त कुत्रे याच वाटेवर मरतात. का, ते हिशेबाने पाहू.

मांडीचे हाड दहा सेंटिमीटर, पिंढरीचे दहा, आणि पाऊल खुब्याच्या बरोबर खाली टेकलेले. कुत्रा थोडा वाकून उभा आहे, खुब्यापासून जमीन सोळा सेंटिमीटर. बारावीतला कोसाइनचा नियम लावला तर गुडघ्याचा कोन सुमारे १०६ अंश येतो आणि गुडघा खुबा-पावलाच्या रेषेबाहेर सहा सेंटिमीटर सरकलेला असतो. हे सहा सेंटिमीटर म्हणजे पाण्याची बादली हात लांब करून धरण्यासारखे आहेत. बादली तीच, पण अंगापासून लांब नेली की खांदा भरून येतो. कुत्र्याचे वजन धरू २.४ किलो. त्यात बारा एमजी-९९६ सर्व्होंचेच ६६० ग्रॅम. दुडक्या चालीत समोरासमोरचे तिरके दोनच पाय जमिनीवर असतात, म्हणजे एका पायावर १.२ किलो. गुणिले सहा. गुडघ्याच्या मोटरीला लागणारा जोर ७.२ किलो-सेंटिमीटर, तोही नुसते वजन पेलायला. पाऊल आपटले की धक्क्याने तो सहज दुप्पट होतो.

या सर्व्होच्या कागदावर ४.८ व्होल्टला ९.४ असा आकडा असतो. खरेदी करणारा म्हणतो, ‘७.२ हवेत, ९.४ आहेत, जमतंय की.’ पण तो आकडा मोटर अडून पडण्याचा आहे. तेवढ्या जोराला ती फिरत नाही, नुसती तापते. सतत काम करायला त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकाच भरवसा धरावा. म्हणजे लागतात सात आणि हाताशी आहेत तीन. शिवाय बाजारात येणाऱ्या नकली सर्व्होंत ९.४ ही नसतात. माझ्या पहिल्या बारांतल्या चारांचे दात पहिल्याच आठवड्यात गेले. उघडून पाहिले तर धातूचे म्हणून सांगितलेल्या गिअरांत एक प्लास्टिकचा होता.

पुढे काय होते तेही सांगतो, कारण हे कुठल्या माहितीपत्रकात नसते. मोटर तापते. ती ज्या छापील चौकटीत स्क्रूने बसवली आहे ती बहुधा पीएलए या प्लास्टिकची असते आणि पीएलए साधारण साठ अंशांना मऊ पडू लागते. स्क्रू ढिले होतात, मोटर किंचित तिरकी होते, पाय आत वळतो. आता सहा सेंटिमीटरचे सात होतात, जोर वाढतो, मोटर आणखी तापते. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते प्रोग्रॅम चुकला. पोरगे रात्रभर कोड तपासत बसते.

उपाय दोन आहेत आणि दोन्ही निसर्गाने आधीच वापरलेत. एक, पाय सरळ ठेवा. खुबा सोळाऐवजी एकोणीस सेंटिमीटरवर घ्या. गुडघा सहाऐवजी जेमतेम तीन सेंटिमीटर बाहेर येतो आणि भार निम्म्यावर उतरतो. हत्तीचे पाय खांबासारखे असतात ते उगीच नाही. अर्थात सरळ पायाला पाऊल टाकायला जागा कमी उरते. कुत्रा ऐटीत उभा राहतो पण टिचभर पावले टाकतो. दुसरा उपाय, लहान व्हा. तीनशे ग्रॅमचा कुत्रा घेतला, तर दुडकीत एका पायावर दीडशे ग्रॅम. गुडघ्याचा बाहेरचा कोपरा तीन सेंटिमीटर. गुणाकार ०.४५. नऊ ग्रॅमच्या निळ्या सर्व्होचा अडण्याचा जोर आहे १.८. म्हणजे चौथ्या हिश्श्यात काम भागते, मोटर कोमटही होत नाही. लांबी निम्मी केली की वजन आठव्या हिश्श्यावर येते, पण मोटर त्या मानाने दुबळी होत नाही. मुंगी स्वतःच्या कित्येक पट ओझे नेते त्यातली मेख हीच. म्हणून विचारणाऱ्या प्रत्येकाला मी आधी लहान कुत्रा करायला सांगतो. मुले नाराज होतात. त्यांना शेजाऱ्याला दाखवायला मोठा हवा असतो.

आता आपल्या गावाकडे. या छंदाला लागणारे निम्मे सामान वसईकराला विरार लोकल देते. जलद गाडीने मुंबई सेंट्रलला उतरायचे आणि लॅमिंग्टन रोडला चालत जायचे. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग असले तरी दुकानदारासकट कुणी तसे म्हणत नाही. रविवारी जाऊ नये, बहुतेक शटर बंद असतात. ईएसपी-३२ बोर्ड, सोळा सर्व्हो सांभाळणारा पीसीए-९६८५, तोल मोजणारा एमपीयू-६०५०, जंपर वायरी, हे सगळे घरपोचही येते आणि बरेचदा स्वस्त पडते. पण सर्व्हो मात्र काउंटरवर हातात घेऊन, हॉर्न बोटाने हळूच फिरवून, खरखर ऐकूनच घ्यावी.

उरलेले निम्मे सामान वसई पूर्वेला आहे आणि त्याकडे हौशी माणूस ढुंकून पाहत नाही, ही माझी तक्रार. वालीव, सातिवली, गोखिवरे, नवघर इथल्या गाळ्यांमध्ये प्लास्टिक मोल्डिंग होते, डाय बनतात, पत्रा कापला जातो, लेथ चालतात. तिथल्या टर्नरला ‘आठ मिलिमीटरच्या बेअरिंगमध्ये घट्ट बसेल असा पिन दे’ म्हटले, तर तो कॅलिपरही न काढता विचारतो, ‘प्रेस फिट का हातानं जाणारा?’ हा प्रश्न रोबोटिक्सच्या महागड्या क्लासमध्ये मी ऐकलेला नाही. छापलेल्या भोकात स्क्रूवर पाय फिरवणारे कुत्रे महिनाभरात लटपटतात. दोन्ही बाजूंनी बेअरिंग दिलेला गुडघा वर्षभर टिकतो. तीन मिलिमीटर ॲक्रिलिकचे आठ तुकडे लेझरवर कापून घेतले तर लहान कुत्र्याला थ्रीडी प्रिंटरची गरजच नाही. पायाला खुर्चीचे रबरी बूच बसते. ते नसेल तर आपल्या गुळगुळीत टाइल्सवर दुडकी म्हणजे निव्वळ घसरगुंडी.

एक सावधगिरी: गाळ्यात जाताना काम लिहून, मापासकट न्यावे आणि जेवणाच्या सुट्टीत किंवा संध्याकाळी जावे. हजार नगांच्या ऑर्डरमध्ये गुंतलेल्या माणसाला एका नगासाठी मशीन थांबवायला सांगणे हे उपकार मागणे आहे, गिऱ्हाईकपणा नव्हे.

ज्यांच्याकडे प्रिंटर आहे त्यांना पावसाळ्याशी झगडावे लागते. समुद्राच्या काठचा दमटपणा फिलामेंट शोषून घेते आणि मग नॉझलमधून चटचट आवाज येतो, पृष्ठभाग खरवडल्यासारखा होतो, भाग थरांवर उकलतात. डबाबंद ठेवून सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात, हाच इलाज. पायासारख्या भागांना पीएलएऐवजी पीईटीजी घ्यावे, ते ऐंशी अंशांपर्यंत तग धरते. वीज हा दुसरा घोर. नऊ तासांचे छपाईचे काम आठव्या तासाला गेले की काय वाटते, ते ज्याचे गेले त्यालाच कळते. मोठा भाग छापायचाच असेल तर तो चार तुकड्यांत छापून बोल्टने जोडावा. खारी हवा वायरींच्या टोकांवर हिरवट थर आणते आणि मग एखादी मोटर मधूनच थरथरते. जुलैत असे झाले तर प्रोग्रॅमला हात लावण्याआधी कनेक्टर काढून पुसावेत.

चालींविषयी मराठीत शब्दांची ददात नाही. घोड्याचा कदम, दुडकी, चौखूर उधळणे, हे सगळे आपण घोडदळाच्या काळापासून बोलत आलो. कुत्र्याला पहिल्यांदा शिकवायची ती रांगती चाल: एका वेळी एकच पाय उचलायचा, उरलेल्या तिघांचा जमिनीवर त्रिकोण, आणि अंगाचे वजन त्या त्रिकोणाच्या आत सरकवूनच चौथा उचलायचा. हे कागदावर, खडूने फरशीवर, तीन वाट्या मांडूनही समजते. दुडकीत त्रिकोण नसतो, दोन पावलांमधली नुसती रेघ असते. तिथे पडण्याआधीच पुढचे पाऊल टाकावे लागते. रेबर्ट यांची लंगडी इथे कामाला येते. सर्व्होला दर वीस मिलिसेकंदांनी एक ते दोन मिलिसेकंदांचा इशारा जातो आणि ती त्या कोनात जाते. पोहोचली का, हे मात्र ती सांगत नाही. स्वस्त कुत्र्याचे हे मूळ आंधळेपण आहे. पाय दगडावर अडला काय किंवा हवेत लोंबकळला काय, मेंदूला दोन्ही सारखेच.

ब्रशलेसवाल्यांची श्रीमंती इथे दिसते. सर्व्होत गिअरांची घट शेकड्यांत असते, मिनी चीताच्या मोटरीत ती फक्त सहास एक आहे. त्यामुळे पावलाला बसलेला धक्का उलटा मोटरीपर्यंत पोहोचतो आणि विद्युतप्रवाह मोजून यंत्राला जमीन जाणवते. गुडघ्यात अक्कल ती ही. पण अशा बारा मोटरी, कंट्रोलर, बॅटरी यांचा खर्च लाखाच्या पुढे जातो, आणि चुकलेल्या एका आज्ञेने तो पाय बोट चेचू शकतो. एकट्या शाळकरी मुलाने या वाटेला जाऊ नये. कॉलेजच्या टीमने जावे. वसई रोडचे विद्यावर्धिनी, विरारच्या शिरगावचे विवा अशी अभियांत्रिकी महाविद्यालये याच पट्ट्यात आहेत, आणि त्यांच्यापासून वालीवचे गाळे रिक्षाच्या अंतरावर आहेत.

संगणकातल्या कृत्रिम जगात कुत्र्याला लाखो वेळा पडू देऊन चालणे शिकवायची पद्धत आता हौशी माणसालाही खुली आहे. मुजोको हे त्यासाठीचे सिम्युलेशन सॉफ्टवेअर २०२२ पासून मुक्तस्रोत आहे. करून पाहावे. पण सिम्युलेशनमधल्या मोटरीचे दात जात नाहीत. तिथे शिकलेली ऐटदार चाल नकली सर्व्होवर उतरवली की पहिल्या पावलाला कुत्रा बसतो.

बॅटरीविषयी मी विनोद करणार नाही. बारा मोठ्या सर्व्हो एकदम अडल्या तर प्रत्येकी अडीच प्रमाणे तीस अँपिअर मागतात. तीन अँपिअरचा कन्व्हर्टर आणि जंपरची केसासारखी वायर तिथे लावली तर वायर आधी मऊ होते, मग वास येतो. मोबाइलच्या चार्जरवर किंवा थेट बोर्डाच्या पाच व्होल्टच्या पिनवर सर्व्हो जोडणे ही सार्वत्रिक चूक आहे. कुत्रा उठायला जातो, व्होल्टेज कोसळते, बोर्ड रीसेट होतो, पुन्हा उठायला जातो. झटके येताहेत असे दिसते. भंगारातल्या लॅपटॉपचे १८६५० सेल स्वस्तात मिळतात, पण त्यांचे आयुष्य किती वापरलेय हे कळत नाही. प्रत्येक सेल चार्ज करून आठवडाभर ठेवावा आणि व्होल्टेज उतरलेला फेकावा. फेकावा म्हणजे कचऱ्याच्या डब्यात नव्हे, ई-कचरा घेणाऱ्याकडे. लिथियम-पॉलिमर बॅटरी फुगली की तिचा मोह सोडावा. चार्जिंग माणूस जागा असताना, फरशीवर, पडद्यापासून लांब.

पैशांचे साधारण गणित असे. लहान कुत्रा दोन-अडीच हजारांत उभा राहतो, चुका धरून साडेतीन. बारा मोठ्या सर्व्होंचा, वीस किलो-सेंटिमीटरच्या बऱ्या मोटरी घेतल्या, तर पंचवीस हजारांपाशी जातो आणि तरी सावकाशच चालतो. त्याच पैशांत सात लहान होतील. तयार कुत्रा आयात करायचा तर लाखांची भाषा. विकत घेतलेल्यावर प्रोग्रॅमिंग शिकता येते, त्याला कमी लेखायचे कारण नाही. फक्त तो प्रदर्शनात ‘आम्ही बनवला’ म्हणून मांडू नये. विज्ञान प्रदर्शनांतून असे मांडलेले मी पाहिले आहेत. परीक्षकाने ‘गुडघा उघडून दाखव’ एवढेच म्हणावे.

शाळांसाठी २०१६ पासून अटल टिंकरिंग लॅबची योजना आहे, निवडलेल्या शाळेला वीस लाखांपर्यंत अनुदान. त्यातले प्रिंटर कुलपाआड झाकून ठेवायचे की मुलांच्या हाती द्यायचे, हे प्रत्येक शाळेच्या मुख्याध्यापकांच्या छातीवर अवलंबून. पाचवी-सहावीच्या मुलाला मी कुत्र्याऐवजी एकच पाय करायला देतो. दोन सर्व्हो, दोन पट्ट्या, आणि पावलाने कागदावर पेन्सिलीने अर्धगोल काढायचा. अर्धगोल नीट आला की उरलेले तीन पाय नकला मारून होतात. न आल्यास पुढे जाण्यात अर्थ नसतो.

माझा दुसरा कुत्रा, लहानच, चालायला लागला तरी उठताना अडायचा. पोटावर असताना गुडघे पूर्ण मिटलेले असतात, कोपरा सगळ्यात बाहेर, जोर सगळ्यात जास्त. आठही मोटरी एकदम ओढू लागल्या की बोर्ड बंद. मोठी बॅटरी लावायची तर वजन वाढणार. एकदा पिनसाठी वालीवला गेलो होतो, टर्नर जेवायला गेलेला. गाळ्यासमोरच्या सावलीत एक म्हातारी कुत्री झोपली होती. मी तिच्याकडेच पाहत बसलो. डब्याचा आवाज आला तशी ती उठली. गाय आधी मागचे उचलते; हिने आधी पुढचे दोन ताठ केले, क्षणभर बसून राहिली, मग मागचे घेतले. घरी येऊन प्रोग्रॅममध्ये दोन ओळी बदलल्या: आधी पुढच्या चार मोटरी, अर्धा सेकंद थांबा, मग मागच्या चार. प्रत्येक गुडघ्यावरचा भार तोच राहिला, पण एका वेळी ओढली जाणारी वीज निम्म्यावर आली. तेव्हापासून तो त्याच बॅटरीवर उठतो.